शेजारचे बंद दार आणि आपली साक्ष

शास्त्रपाठ : लेवीय १९:१५–१८, प्रेषितांची कृत्ये २३:१२–२४



रायपूर शहराच्या उत्तरेस, बिलासपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर भनपुरी नावाचा भाग आहे. कारखाने, लाकडाच्या वखारी, मालमोटारींची सततची वर्दळ, आणि पुढे उरला व सिलतरा येथील पोलादाचे मोठे उद्योग. कामाच्या शोधात ओडिशातून, बिहारमधून, उत्तर प्रदेशातून आलेली माणसे येथे भाड्याच्या खोल्यांत राहतात. रायपुरात मराठी कुटुंबेही भोसल्यांच्या काळापासून आहेत. तात्यापारा हे वस्तीचे नाव त्यांची आठवण अजून सांगते. नागपूर-गोंदियाकडून नोकरीनिमित्त आलेली अलीकडची कुटुंबे मात्र शहराच्या कडेला, जेथे भाडे परवडेल तेथे, घर शोधतात.

समजा, भनपुरीतील अशा एका तीन मजली इमारतीत एक ख्रिस्ती कुटुंब राहते. समोरच्या सदनिकेत दोन महिन्यांपूर्वी दोन तरुण राहावयास आले. दार नेहमी बंद. खिडक्यांना जाड पडदे. रात्री अकरानंतर कोणी ना कोणी येतो, दोन मिनिटे थांबतो आणि निघून जातो. जिन्यात चांदीच्या कागदाचे जळके तुकडे पडलेले दिसतात. एके दिवशी घरातला चौदा वर्षांचा मुलगा सांगतो की, समोरच्या दादाने त्याला एक पाकीट कोपऱ्यावरच्या माणसाला नेऊन देण्यास सांगितले आणि पन्नास रुपये देऊ केले. त्या रात्री आईवडिलांना झोप येत नाही. काय करावे?

प्रश्न भनपुरीचा म्हणून मांडला, तरी तो नागपूर, पुणे, वसई, सोलापूर येथील वाचकांसही परका नाही. पूर्वी 'गर्द' म्हटले की मुंबईच्या गल्ल्या डोळ्यांसमोर येत. आता तशी स्थिती राहिलेली नाही. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या राष्ट्रीय पाहणीचा अहवाल फेब्रुवारी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशात सुमारे ३.१ कोटी लोक भांग, गांजा, चरस यांचे, तर सुमारे २.२६ कोटी लोक अफूवर्गीय पदार्थांचे सेवन करीत होते. हुंगण्याच्या द्रव्यांच्या बाबतीत तर मुलांचे प्रमाण प्रौढांहून अधिक आढळले. असा पदार्थ विकला जातो तो कोणाच्या तरी शेजारीच.

ओडिशाच्या मलकानगिरी व कोरापूट या डोंगराळ जिल्ह्यांतला गांजा छत्तीसगडमार्गे पुढे जातो आणि रायपूर त्या वाटेवर आहे. त्याखेरीज झोपेच्या गोळ्या, कोडीन असलेले खोकल्याचे औषध, वेदनाशामक गोळ्या यांचाही बेकायदा व्यापार चालतो. ऑगस्ट २०२५ मध्ये रायपूर पोलिसांनी हेरॉइनच्या विक्रीचे एक जाळे उघडकीस आणले. चारशे ग्रॅमहून अधिक माल मिळाला. तो पंजाबच्या सीमेकडून येत होता आणि शहरातील कमल विहार या नव्या वसाहतीतील एका घरातून पुढे जात होता, असे पोलिसांनी सांगितले. कमल विहार ही गुन्हेगारांची वस्ती म्हणून कोणास ठाऊक नव्हती. सभ्य वस्तीतील, सभ्य दिसणाऱ्या दारामागचा हा प्रकार होता.

अशा वेळी आपण बहुधा दोनपैकी एका वाटेने जातो. एक वाट बोलण्याची. उपासनेनंतर मंडळीच्या अंगणात, पाण्याच्या टाकीजवळ, भाजीवाल्यापाशी, आणि आता मोबाइलवरच्या गटांत, समोरच्या खोलीविषयी सर्वांस सर्व काही कळते. ज्यास कळावयास हवे त्यास मात्र कळत नाही. दुसरी वाट मौनाची. आपण परराज्यातील, आपण अल्पसंख्य, आपणांस मुलेबाळे आहेत, आपण प्रार्थना करू, प्रभू पाहून घेईल. दुसरी वाट अधिक भक्तिमान दिसते, म्हणून ती अधिक सावधपणे तपासली पाहिजे.

लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायातील सोळाव्या वचनाचे विशेष हे की, त्यात या दोन्ही वाटा एकदम बंद केल्या आहेत. वचनाच्या पूर्वार्धात लोकांमध्ये चहाड्या करीत फिरण्यास मनाई आहे. तेथील इब्री शब्दाचा संबंध दारोदार फिरणाऱ्या व्यापाऱ्याच्या शब्दाशी जोडला जातो. एका घरची गोष्ट उचलावयाची, दुसऱ्या घरी उतरवावयाची आणि तेथून नवी घेऊन पुढे निघावयाचे, असा हा धंदा. उत्तरार्धातील मूळ शब्द अक्षरशः घेतले तर शेजाऱ्याच्या रक्तावर उभे राहू नये असा अर्थ निघतो. शेजाऱ्याच्या जिवावर उठू नये, असा त्याचा भावार्थ कित्येक भाषांतरकारांनी घेतला आहे आणि तो चुकीचा नाही. परंतु यहूदी शिक्षकांनी फार प्राचीन काळी त्यातून आणखी एक कर्तव्य काढले. नदीत बुडणारा, श्वापदाने ओढून नेलेला किंवा दरोडेखोरांनी घेरलेला मनुष्य ज्याने पाहिला, त्याने नुसते पाहत उभे राहू नये, असे त्यांनी शिकविले.

एकाच वचनात आधी तोंड आवरण्याची आज्ञा आणि लगेच गप्प न राहण्याची आज्ञा! वरवर पाहता हा विरोध वाटतो. आजूबाजूची वचने वाचली म्हणजे तो उरत नाही. पंधराव्या वचनात न्यायनिवाड्याची गोष्ट आहे : गरिबाची भीड धरू नये, थोरामोठ्याची मुर्वत ठेवू नये. सतराव्यात मनात द्वेष न बाळगता शेजाऱ्यास उघड बोध करण्याची आज्ञा आहे. आणि अठराव्यात शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची ती आज्ञा, जी प्रभू येशूने सर्व नियमशास्त्राच्या मुळाशी ठेवली. न्याय, जिभेचा संयम, जिवाचे रक्षण, बोध आणि प्रीती हे सर्व एकाच परिच्छेदात गुंफलेले आहे. जे पाहिले ते, जेवढे पाहिले तेवढेच, ज्यास त्याविषयी काही करण्याचा अधिकार आहे त्यास सांगणे, ही ती वाट. पवित्र शास्त्रात तिला साक्ष म्हणतात. चहाडखोर आणि साक्षीदार कधीकधी तीच गोष्ट सांगतात. फरक कोणास सांगितली, किती सांगितली आणि कशासाठी सांगितली, यात आहे.

आता पहिली पायरी : आपण खरोखर काय पाहिले? समोरच्या सदनिकेविषयी वर जे लिहिले ते पुन्हा वाचावे. बंद दार, जाड पडदे, रात्रीची ये-जा. उरला-सिलतऱ्याच्या कारखान्यांत रात्रपाळी असते. रात्रपाळीचा कामगार दिवसा पडदे ओढून झोपणार आणि त्याचे सोबती अवेळी येणार. गोळ्यांची पाकिटे दिसली, तर अपस्माराचा किंवा मानसिक आजाराचा रुग्णही त्यांतली काही औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीने घेतो. परप्रांतीय आहे, अविवाहित आहे, केस वाढविलेले आहेत, आपल्या भाषेत बोलत नाही, यांपैकी एकही गोष्ट पुरावा नव्हे.

हे आपण ख्रिस्ती लोकांनी तरी विसरू नये. घरी प्रार्थनासभा भरते तेव्हा जिन्यात अनोळखी पादत्राणे जमतात, दार लोटलेले असते, आतून आवाज येतो आणि तासाभराने माणसे पांगतात. अशा सभांकडे संशयाने पाहिले गेल्याचा अनुभव छत्तीसगडातील आपल्या बांधवांस आहे. २५ जुलै २०२५ रोजी रायपूरपासून जवळच असलेल्या दुर्ग रेल्वे स्थानकावर केरळच्या दोन धर्मभगिनींना, सोबत काही तरुण मुली होत्या एवढ्यावरून उठलेल्या आरोपांनंतर, अटक झाली. २ ऑगस्टला बिलासपूरच्या न्यायालयाने त्यांस जामीन दिला तोवर त्या कोठडीत होत्या. संशयाचा शब्द किती लवकर तुरुंगाच्या दारापर्यंत पोहोचतो, हे ज्यांनी सोसले त्यांनी दुसऱ्याविषयी तो शब्द उच्चारताना दुप्पट जपावे, हे न्याय्यच नाही काय?

अनुवाद १३:१४ मध्ये, एखाद्या नगराविषयी भयंकर गोष्ट कानी आली तरी आधी शोध करावा, विचारपूस करावी, बारकाईने चौकशी करावी, असे एकामागून एक तीन शब्दांनी सांगितले आहे. ती चौकशी न्याय करणाऱ्यांनी करावयाची आहे, हेही ध्यानात ठेवावे. शेजाऱ्याचे काम शोधमोहीम काढण्याचे नाही. चावीच्या भोकातून डोकावणे, कचऱ्याची पिशवी उपसणे, दाराशी कान लावणे, चोरून छायाचित्रे घेणे ही कामे धोक्याची आहेत आणि त्यांनी आपलेच मन बिघडते. जे सहज दिसते तेवढे मात्र एका वहीत टिपून ठेवावे : तारीख, वेळ, वाहनाचा क्रमांक, काय झाले. "ते लोक वाईट आहेत" असे लिहू नये. "दिनांक अमुक, रात्री साडेअकरा ते साडेबारा या वेळात पाच निरनिराळे लोक आले, प्रत्येक जण दोन-तीन मिनिटांत परतला" असे लिहावे. पंधरा दिवस अशी वही ठेवली की पुष्कळदा संशय आपोआप विरतो, आणि तसे झाल्यास देवाचे आभार मानून ती वही फाडून टाकावी.

परंतु आपल्या उदाहरणातील मुलाची गोष्ट निराळी आहे. मुलाच्या हाती पाकीट देऊ केले, तेथे पंधरा दिवस थांबण्याचे कारण उरत नाही. प्रथम त्या मुलाला धीर द्यावा. त्याने घरी येऊन सांगितले हे मोठे झाले. त्याला रागावू नये, खोदून खोदून विचारू नये, आणि पुन्हा त्या दाराशी पाठवून खातरी करून घेण्याचा विचारही मनात आणू नये.

मग सांगावयाचे कोणास? येथे प्रेषितांची कृत्ये, अध्याय तेवीस, उघडावा. यरुशलेमेत पौल रोमी गढीत अटकेत आहे. चाळिसाहून अधिक लोकांनी, त्यास ठार केल्याशिवाय अन्नपाणी घ्यावयाचे नाही, अशी शपथ वाहिली आहे. हा कट पौलाच्या बहिणीच्या मुलाच्या कानी येतो. कसा आला, लूक सांगत नाही. त्या तरुणाचे नावही तो देत नाही. तो तरुण बाजारात आरडाओरडा करीत नाही, कटवाल्यांच्या दारी जाऊन त्यांस समजावीत नाही, आणि मामा प्रेषित आहे तेव्हा देव त्याला राखील असे म्हणून घरीही बसत नाही. तो गढीत जातो व पौलाला सांगतो. पौल एका शताधिपतीस बोलावून तरुणास सरदाराकडे पाठवितो. तो सरदार, क्लौद्य लुसिया, तरुणाचा हात धरून त्यास एकीकडे नेतो, एकांतात विचारतो, सर्व ऐकून घेतो आणि ही खबर मला दिलीस हे कोणासही सांगू नकोस, अशी ताकीद देऊन निरोप देतो. त्याच रात्री दोनशे शिपाई, सत्तर घोडेस्वार व दोनशे भालेकरी पौलाला घेऊन निघतात.

या अहवालात कितीतरी गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. तरुणाने संख्या सांगितली, ठिकाण सांगितले, कटवाल्यांची युक्ती सांगितली; त्यांच्या चारित्र्यावर भाष्य केले नाही. ज्याच्यापाशी त्याने खबर दिली तो अधिकारी विदेशी व मूर्तिपूजक होता. पुढच्या वचनांत त्याने आपल्या वरिष्ठास लिहिलेल्या पत्रात स्वतःची बाजू थोडी सावरूनही घेतली आहे. निर्दोष अधिकारी मिळेपर्यंत पौल थांबला नाही. रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायात सत्ताधाऱ्यास देवाचा सेवक म्हणणारा पौल तोच. पोलीस सारेच चांगले नसतात, हे आपणांस कोणी सांगावयास नको. पौलालाही ते ठाऊक होते.

खबर देणाऱ्याचे नाव झाकण्याची ती रोमी सरदाराची रीत आपल्या देशाच्या कायद्यातही आहे. गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५, ज्यास सर्वत्र एनडीपीएस कायदा म्हणतात, त्याच्या कलम ६८ प्रमाणे गुन्ह्याची माहिती कोठून मिळाली हे सांगण्याची सक्ती अधिकाऱ्यावर करता येत नाही. तरी स्थानिक ठाण्यात नाव फुटेल ही भीती लोकांस वाटते, आणि ती अगदीच निराधार आहे असे म्हणवत नाही. त्यासाठी १८ जुलै २०२४ रोजी केंद्र सरकारने 'मानस' नावाची राष्ट्रीय मदतवाहिनी सुरू केली. १९३३ हा तिचा क्रमांक. तेथे दिवसरात्र, नाव न सांगताही माहिती देता येते. भनपुरीचे ठाणे खमतराईचे. तातडीचा धोका, मारामारी, एखादा बेशुद्ध पडलेला, असे काही असेल तर ११२. रसायनांचा उग्र, डोळे चुरचुरविणारा वास एखाद्या सदनिकेतून येत असेल तर तेथे आगीचेही भय असते. मुलांना घेऊन खाली उतरावे आणि मग फोन करावा.

सांगितल्यावर लगेच छापा पडला नाही म्हणजे पोलीस विकले गेले, असा निष्कर्ष काढण्याची आपणांस घाई असते. कायद्याची रीत समजून घेतली तर धीर धरता येतो. कलम ४२ प्रमाणे मिळालेली माहिती अधिकाऱ्याने लेखी नोंदवावयाची असते. वॉरंट नसताना घरात शिरावयाचे तर ते साधारणपणे सूर्योदय ते सूर्यास्त या वेळात. रात्री शिरावयाचे तर तसे करण्याची कारणे लिहून ठेवावी लागतात, आणि या नोंदींची प्रत ७२ तासांच्या आत वरिष्ठांकडे जावी लागते. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने कर्नेलसिंग खटल्यात या कलमाचा सविस्तर विचार केला व त्याचे सर्वस्वी उल्लंघन चालणार नाही असे ठरविले. शिक्षा कडक असल्यामुळे हे बांध घातले आहेत : हेरॉइन अडीचशे ग्रॅम किंवा गांजा वीस किलो इतका, म्हणजे कायद्याच्या भाषेत व्यापारी प्रमाणात, सापडला तर किमान दहा वर्षे सक्तमजुरी. घाईने टाकलेला, नोंदी नसलेला छापा न्यायालयात टिकत नाही. कधीकधी अधिकारी वरचा दुवा सापडावा म्हणूनही थांबतात. ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबईच्या साकीनाका पोलिसांनी एका इसमाजवळ सुमारे दहा ग्रॅम मेफेड्रोन पकडले. त्या धाग्याने तपास करीत ते ऑक्टोबरमध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावातील कारखान्यापर्यंत पोहोचले आणि तेथे शंभर किलोहून अधिक माल सापडला.

त्याच कायद्याचे कलम ५८ मात्र प्रत्येक वाचकाने लक्षपूर्वक समजून घ्यावे. जाणूनबुजून व द्वेषबुद्धीने खोटी माहिती देऊन कोणाची झडती वा अटक घडवून आणली, तर माहिती देणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अनुवादाच्या एकोणिसाव्या अध्यायातील खोट्या साक्षीदाराचा नियम येथे आठवतो : जे त्याने आपल्या बंधूचे करावयास योजिले तेच त्याचे व्हावे. पार्किंगच्या जागेवरून भांडण आहे, पाण्याच्या मोटारीवरून बोलणे बंद आहे, आणि अचानक शेजारी अमली पदार्थ विकतो अशी शंका येऊ लागली, तर फोन उचलण्यापूर्वी गुडघे टेकावे आणि मनाची झडती आधी घ्यावी. प्रामाणिकपणे दिलेली माहिती पुढे चुकीची ठरली तर हे कलम तिला लागू होत नाही. त्यात द्वेषाची अट आहे.

काही बंधू येथे मत्तय अठराव्या अध्यायाचा दाखला देतात. आधी एकांतात जाऊन त्याचा अपराध त्याला दाखवावा, मग दोघांतिघांना न्यावे, असे प्रभूने शिकविले नाही काय? शिकविले, पण बंधूविषयी, मंडळीच्या अंगाविषयी. ज्याच्या दाराआड विषाचा व्यापार आहे व ज्याच्यामागे पैसा घालणारे अनोळखी लोक आहेत, त्याचे दार एकट्याने वाजवून त्यास जाब विचारणे ही आज्ञापालनाची गोष्ट नव्हे. तो निव्वळ अविचार होय. नीतिसूत्रे २६:१७ मधील कुत्र्याचे कान धरणारा वाटसरू येथे आठवावा. मंडळीतील तरुणांचा जमाव घेऊन दार ठोठावणे तर त्याहूनही वाईट. जाता जाता आणखी एक गोष्ट. गलतीकरांस पत्र ५:२० मध्ये चेटूक या अर्थी जो ग्रीक शब्द आहे, त्याचे मूळ औषधाच्या शब्दाशी जुळते, एवढ्यावरून तेथे आजच्या अमली पदार्थांचाच निषेध आहे असे काही उपदेशक सांगतात. या प्रश्नासाठी वचन इतके ताणण्याची गरज नाही. मनुष्याचा नाश करून पैसा मिळविणे पाप आहे, हे सांगावयास पवित्र शास्त्रात पुष्कळ सरळ वचने आहेत.

मत्तय अठरा जेथे लागू पडते असा प्रसंगही येतो, आणि तो अधिक जड असतो. समोरच्या दारी रात्री येणाऱ्यांत आपल्याच मंडळीतील कोणाचा मुलगा दिसला तर? विकणारा आणि घेणारा यांच्यातील भेद येथे कळला पाहिजे. तो सदैव स्वच्छ नसतो. व्यसनासाठी पैसे पुरावेत म्हणून घेणारा पुष्कळदा विकूही लागतो. तरी कायद्यानेही हा भेद ओळखला आहे. सेवनाबद्दल कलम २७ खाली वेगळी, तुलनेने लहान शिक्षा आहे; आणि कलम ६४-अ प्रमाणे, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी मनुष्य स्वेच्छेने मान्यताप्राप्त ठिकाणी व्यसनमुक्तीचा उपचार घेईल, तर त्याच्यावर खटला चालविला जात नाही; उपचार अर्धवट सोडला तर हे संरक्षण काढून घेता येते. ही गोष्ट आपल्या मंडळ्यांत फार थोड्यांस ठाऊक आहे. पोलीस पकडतील या भयाने आईवडील मुलाला गावी, नातेवाइकांकडे, लपवून ठेवतात आणि उपचाराचे महिने वाया जातात.

अशा घरी अवश्य जावे, पण गलती ६:१ मध्ये सांगितलेल्या सौम्य वृत्तीने, आणि रिकाम्या हाताने नव्हे. १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठी असलेल्या राष्ट्रीय मदतवाहिनीचा क्रमांक आहे. रायपुरात आयुर्विज्ञान संस्थेत व आंबेडकर रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ आहेत. फादर जो परेरा यांनी १९८१ साली वांद्र्यात सुरू केलेले 'कृपा फाउंडेशन' आणि डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात उभे केलेले 'मुक्तांगण' यांच्या कार्याने इतके तरी दाखवून दिले आहे की, व्यसन हा दीर्घकाळ चालणारा आजार आहे. उपदेश किंवा मार यांनी तो जात नाही, आणि घरच्या माणसांनाही त्यात साहाय्याची गरज असते. प्रार्थनेने मुक्त झालेल्यांच्या साक्षी आपण ऐकतो व त्याबद्दल देवाची स्तुती करतो. परंतु औषधे एकाएकी बंद करून मुलाला प्रार्थनेसाठी खोलीत कोंडून ठेवणे धोक्याचे आहे. झोपेच्या गोळ्यांची सवय अचानक तोडली तर झटके येऊ शकतात.

पाळकांविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. कोणी भगिनी रडत येऊन समोरच्या खोलीची हकीकत सांगते, तेव्हा ती गोष्ट पुढच्या रविवारी मध्यस्थीच्या प्रार्थनेत नाव-पत्त्यासह उच्चारली जाऊ नये. प्रार्थनेच्या रूपाने झालेली चहाडी ही चहाडीच होय. पाळकाने तिच्याबरोबर बसून वही पाहावी, वकील किंवा निवृत्त अधिकारी असा कोणी समंजस मनुष्य मंडळीत असल्यास तिच्या अनुमतीने त्याचा सल्ला घ्यावा, आणि ठाण्यात जावयाचे ठरले तर सोबत जावे. परमुलखात एकट्या बाईमाणसाला ठाण्याची पायरी चढणे किती कठीण, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांस अधिक सांगावयास नको. सदनिका आपल्याच मालकीची व भाड्याने दिलेली असेल, तर जबाबदारी आणखी मोठी आहे : कलम २५ खाली, आपली जागा अशा कामासाठी जाणूनबुजून वापरू देणाराही गुन्हेगार ठरतो. भाडेकरूची पोलिसांकडे नोंद करणे, लेखी करार करणे आणि जास्त भाडे देऊ करणाऱ्याला कारण विचारणे, एवढे तरी प्रत्येक ख्रिस्ती घरमालकाने करावे.

आता समजा, साक्ष दिली गेली. काही आठवड्यांनी पहाटे जिन्यात पावले वाजली, समोरचे दार उघडले गेले, पंचनामा झाला आणि दोघांना नेले. पुष्कळ लोकांच्या मते गोष्ट येथे संपते. लेवीयचे अठरावे वचन मात्र अजून शिल्लक आहे. त्या दोघांपैकी एकाची आई कदाचित ओडिशातून दोन दिवसांनी येईल. तिला भाषा येत नसेल, ठाणे कोठे, न्यायालय कोठे हे ठाऊक नसेल. कदाचित त्या खोलीत एक तरुण पत्नी आणि लहान मूल मागे राहिले असेल, आणि घरमालकाने त्यांस संध्याकाळपर्यंत खोली रिकामी करावयास सांगितले असेल. खबर कोणी दिली हे त्यांस सांगण्याचे कारण नाही. ती गोष्ट लुसियाच्या ताकिदीप्रमाणे आपल्यापाशीच राहावी. परंतु मुलाला दूध हवे आहे. ज्यास वकील परवडत नाही त्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मिळतो, आणि कोठडीतील मनुष्यास तो हक्क आहेच. हे त्या आईला कोणी तरी सांगावयास हवे. इमारतीतील इतर दारे त्या दिवशी बंद असतील. आपले उघडे ठेवावे, आणि तिला प्राधिकरणाच्या कार्यालयाचा पत्ता तिच्या भाषेत, मोठ्या अक्षरांत, एका कागदावर लिहून द्यावा.